ल्हानीचं होमशिक

आमची धाकटी जाऊ रडायची ती बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या समोर. तोंडाला पदर लावणं नाही, मोरीत जाऊन नळ सोडणं नाही, कांदा चिरायला घेणं नाही. सोफ्यावर मांडी घालून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायची आणि समोरच्या भिंतीकडं बघत डोळ्यांतलं पाणी वाहू द्यायची. पाहुणे बसलेले असले तरी तिला त्याचं काही वाटत नसे. थोड्या वेळानं उठून तोंड धुवायची, "झालं" म्हणायची आणि चहा मागायची. तो चहा मी करायची.

मी या घरात आले तेव्हा मीही रडले होते. मोरीत, नळ सोडून. माझं माहेर मंद्रूप, सोलापुरापासून पंचवीसेक किलोमीटर. तेवढ्या अंतरासाठी कुणी रडतं हे पटलं नसतं कुणाला, म्हणून मी ते दाखवलं नाही. तिचं माहेर दोन विमानांच्या पलीकडं होतं, त्यामुळं तिच्या रडण्याला मान होता. तिच्याविषयी लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. ती आली त्या दिवसापासून मी तिचा हेवा केला, आणि ती जाऊन आता तीन वर्षं होत आली तरी तो पुरता गेलेला नाही.

ती व्हिएतनामची. माझे धाकटे दीर टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून तिकडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून गेले होते. ती तिथंच पॅकिंगला होती. लग्न तिकडंच झालं. पुढं आमच्या ह्यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा मागांचा कारखाना वाढवायला घेतला, एकट्यानं झेपेना म्हणून भावाला बोलावलं, आणि भाऊजींबरोबर तीही सोलापूरला आली.

तिचं नाव लान. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून तिला नाव विचारलं. ती म्हणाली, "लान." आत्या म्हणाल्या, "व्हय की, ल्हानच हाय. ही थोरली, ही ल्हानी." झालं बारसं. लान हे एका फुलाचं नाव आहे, असं भाऊजींनी नंतर सांगितलं, पण तोवर सगळी गल्ली तिला ल्हानी म्हणू लागली होती.

घरात येऊन बसल्यावर तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती विचारतीय तुमचं वय किती." दारात परदेशी सून बघायला बायका जमलेल्या. मी वय सांगितलं आणि मनातून चिडले. तिकडं समोरच्याला काय म्हणून हाक मारायची हे वयावरून ठरतं, हे मला पुढं कळलं. थोरल्या बहिणीला 'ची' म्हणतात. ती मला 'ची' म्हणून हाक मारू लागली की ते 'छी'सारखं ऐकू यायचं आणि घरातले सगळे तोंड फिरवून हसायचे. आमचे हे तर मुद्दाम तिला सांगायचे, "जरा थोरलीला हाक मार." तिच्या ते लक्षात आलं. एक दिवस तिनं आपणहूनच त्या हाकेला ताई जोडली आणि मी चीताई झाले. ह्यांना मात्र ती तोंडावर म्हणाली, "तू हसती. तू चांगला न्हाय." मोठ्या दिराला असं बोललेलं ऐकून माझ्या हातातली वाटी निसटली. आत्या पोट धरून हसल्या.

आल्यावर महिनाभरातच तिचं जेवण तुटलं. आत्या काळजीत पडल्या. भाऊजी म्हणाले, "आई, तिला होमसिक झालंय."

"म्हंजी काय?"

"घरची आठवण येती तिला. त्यानं माणूस आजारी पडतं."

आत्यांनी तो आजार मनावर घेतला. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, सिद्धेश्वराला नारळ ठेवला, आणि शेजारच्या काकूंना कुंपणावरून सांगितलं, "होमशिक झालंय पोरीला. लई वाईट असतंय म्हनं ते. औषध न्हाय त्याला." काकू पद्मशाली, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनीही मान हलवली आणि संध्याकाळी वाटीभर रसम पाठवून दिलं. आठ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी आले तेव्हा या घरात हा शब्द नव्हता. माझं जेवण तुटलं तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, "माहेरी लाडावून ठिवलंय." मी दुसऱ्या दिवसापासून जेवायला लागले होते.

आजार म्हटल्यावर पथ्यही आलं. तिची आई रोज फोनवर पहिला प्रश्न विचारायची तो 'भात खाल्लास का' असा. तिकडं जेवणं म्हणजे भात खाणंच. मग आमच्या भाकरीच्या घरात दोन्ही वेळा भात शिजू लागला, आणि तो आत्या स्वतः टाकायच्या, कारण थोरलीचा भात फडफडीत होतो आणि ल्हानीला चिकट लागतो. दुपारी जेवण झालं की ती झोपायची. उन्हाळा असो, पाहुणे असोत, कारखान्यातून डबा न्यायला माणूस आलेला असो. ताट धुऊन पालथं घातलं की ती खोलीत जाऊन आडवी व्हायची. "तिच्या देशात पद्धतच हाय ती. लहानथोर समदी झोपत्यात," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या. लग्न झाल्यापासून मी दुपारी पाठ टेकली होती ती फक्त बाळंतपणात. तिच्या बंद दाराबाहेर बसून मी ज्वारी निवडायची, आणि आतल्या पंख्याचा आवाज ऐकायची.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते तिचं मराठी. माझ्या माहेरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. आईला मी अव्वा म्हणते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे मला पाहुण्यांसमोर टोकायचे, "न्हाय काय म्हणतेस? नाही म्हण." आत्या स्वतः तसंच बोलतात, पण त्या आत्या. मी मात्र बी.ए. झालेली सून होते. मी शिकले. इतकी शिकले की मंद्रूपला गेल्यावर भावजया म्हणायच्या, "सोलापूरच्या मॅडम आल्या." कानडी तर बोलायला कुणी नव्हतंच, ते गेलंच. आणि ही आत्यांच्या मागं फिरून मराठी शिकली, म्हणजे अगदी 'हाय-न्हाय'चं मराठी. पाहुण्यांना म्हणायची, "बसा की. च्या घेनार न्हाय? का?" पाहुणे खूश. हे खूश. तोच शब्द, पण माझ्या तोंडात गावंढळ होता आणि तिच्या तोंडात गोड होता.

माझ्याकडं मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शेंगाची चटणी. उखळात कुटलेली, लसूण-तिखटाची, तेल सुटलेली. आमचे पुण्याचे नातेवाईक डबे भरभरून न्यायचे. ल्हानीनं पहिल्यांदा ती भातावर घेतली, घास तोंडात घातला आणि तशीच थांबली. मग तिचं ते नेहमीचं रडणं सुरू झालं, ताटावरच. मला वाटलं तिखट लागलं. ती म्हणाली, "आई करती. माझी आई. अशीच. पन तिखट न्हाय." तिकडं भाजलेले शेंगदाणे, तीळ आणि मीठ कुटून भाताबरोबर खातात. दुसऱ्या दिवशी तिनं माझंच उखळ घेऊन ते केलं, वर थोडी साखर घातली. आत्यांचे दात तेव्हा हलायला लागले होते. त्या म्हणाल्या, "ही बरी हाय बया. जाळ न्हाय तोंडाला." तेव्हापासून घरात दोन बरण्या झाल्या, आणि तिची आधी संपायची.

तिनं येताना मासे मिठात मुरवून काढलेल्या पाण्याची एक बाटली आणली होती. झाकण उघडलं की घरभर वास सुटायचा. आत्यांनी नाकाला पदर लावून त्या बाटलीला गॅलरीत कुंडीशेजारी जागा करून दिली. ती जपून थेंब थेंब वापरायची. एक दिवस मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले तर ती रिकाम्या बाटलीत पाणी घालून ती खळखळवत होती आणि ते पाणी भातावर ओतून घेत होती. मला बघून ती हसली, पण मला हसू आलं नाही. त्या दिवशी तिच्याविषयी मला हेव्याशिवाय दुसरं काहीतरी वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण संध्याकाळीच भाऊजींनी मुंबईच्या मित्राला फोन करून तशा दोन बाटल्या मागवल्या. माझ्यासाठी मंद्रूपहून कुणी कधी काही मागवलं नव्हतं.

तिच्या आईचा व्हिडिओ कॉल रोज यायचा. सुरुवातीला आत्या लांबून बघायच्या. मग फोनसमोर बसू लागल्या. पुढं पुढं ल्हानी फोन आत्यांच्या हातात देऊन कामाला निघून जायची आणि त्या दोघी म्हाताऱ्या अर्धा अर्धा तास बोलत बसायच्या. एक मराठीत, एक त्यांच्या भाषेत. आत्या गुडघा दाखवायच्या, त्या पाठ दाखवायच्या. आत्यांनी त्यांना आमची गच्ची दाखवली, तुळस दाखवली, वाळत घातलेल्या कुरडया दाखवल्या. माझी अव्वा या घरी आली की आत्या तिला "बसा, पानी घ्या" म्हणायच्या आणि टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

असं सगळं चाललं होतं. त्यानंतरच्या चैत्रात एक दिवस आम्ही दोघी शेंगदाणे कुटत बसलो होतो. तिनं विचारलं, "चीताई, तुझी आई कुटं हाय?"

"मंद्रूपला."

"विमान?"

"नाही ग. एसटीनं जातात. तासभर लागतो."

तिचा हात थांबला. "एक तास?"

"हो."

"तू कवा जाती?"

"दिवाळीला जाते. पंचमीला. कुणाचं लग्न निघालं तर."

ती माझ्याकडं बघत राहिली. "आई एक तास. तू जात न्हाय. का?"

मी सांगायला लागले. घरचं काम, येणारंजाणारं, कारखान्याचे डबे, आत्यांचं पथ्यपाणी. तिला एकेक शब्द कळत होता, पण सगळं मिळून काही कळत नव्हतं. तिचं तोंड लाल झालं. "मला राग येती तुझा," ती म्हणाली. "माझी आई एक तास असती तर मी रोज गेली असती. तुझ्याकडं हाय आन तू जात न्हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझा हेवा करत होती. बाहेरच्या खोलीत बसून रडताना तिच्या मनात हेही असणार की या थोरलीची आई इथंच आहे. माझा कुणी हेवा करावा असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. मला चांगलं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दोन दिवसांनी सकाळी तिनं स्कूटर दाराशी आणली. ती स्कूटरवर बसायची तेव्हा हातमोजे, तोंडाला फडकं, वर टोपी, लांब बाह्या असा सगळा जामानिमा असायचा. मला म्हणाली, "बस."

"कुठं?"

"मंद्रूप."

"आत्यांना विचारावं लागेल."

"मी सांगितलं आत्याला."

"काय सांगितलंस?"

"चीताईची आई बघायला जाती."

तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. सांगणं आणि विचारणं यांतला फरक मला त्या दिवशी कळला. आतून आत्यांचा आवाज येत नव्हता. मी पायात चपला सरकवल्या आणि मागं बसले. विजापूर रोडला लागेपर्यंत मी मागं वळून बघत होते, कुणी बोलवायला येतंय का म्हणून.

ज्वारी निघून गेलेली होती, रानोरान कडब्याच्या गंजी उभ्या होत्या. मंद्रूपचा बाजारचा दिवस होता. भाजीच्या पालांमधून वाट काढत आम्ही घरापाशी पोचलो. अव्वा दारातच होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. "एनातु?" तिनं विचारलं. काय झालं? सण नाही, लग्न नाही, लेक अवचित आली म्हणजे काहीतरी वाईटच.

"काही नाही अव्वा. सहज आले."

लग्नानंतर मी त्या दारात सहज अशी कधी आलेच नव्हते. अव्वा माझ्या मागं कुणी पुरुष माणूस दिसतंय का बघत होती. मग तिनं ल्हानीला बघितलं, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि विचारलं, "ऊटा आतेन?"

ल्हानीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "जेवलीस का, विचारतीय."

ती हसायला लागली. "माझी आई पन. समद्यात पहिलं हेच."

अव्वानं भाकरी केली, वांगं केलं, आणि कुणी न सांगता भातही टाकला. जेवण झालं आणि ल्हानीला तिच्या वेळेला झोप आली. तिला नवं घर, जुनं घर असलं काही नव्हतं. तिथंच चटईवर, अव्वाच्या मांडीला डोकं लावून ती झोपली. अव्वा एका हातानं पदरानं वारा घालत होती, दुसरा हात तिच्या केसांत. मी न्हाणीपाशी बसून भांडी घासत होते. मी वर्षानुवर्षं ज्या मांडीची आठवण काढली होती ती तिथं होती, पण तिथं ल्हानी झोपली होती. माझ्या माहेरीही तिनं माझी जागा घेतली असं मला वाटलं. अव्वा हळूच म्हणाली, "पाप, भाळ दूरिंद बंदाळ." बिचारी, फार लांबून आलीय.

मी कानडीतच म्हणायला गेले की मीही लांबूनच आले. दोन शब्द आठवलेच नाहीत. अव्वानं वाक्य पूर्ण केलं आणि माझ्याकडं बघितलं. मग तिनं ल्हानीचं डोकं न हलवता थोडं सरकून घेतलं आणि दुसऱ्या बाजूला हात थापटला. मी ओल्या हातानं तशीच जाऊन आडवी झाले. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

परतलो तेव्हा आत्या दारात बसल्या होत्या. ल्हानीला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "इचारून जायचं की."

ल्हानी स्कूटर लावत म्हणाली, "आत्या, मी सांगितलं की."

आत्या उठून आत गेल्या. त्यानंतर महिन्यातून एकदोनदा तरी आम्ही बाजारच्या दिवशी मंद्रूपला जाऊ लागलो. अव्वा तिच्यासाठी हातानं कुटलेले, बिनतिखटाचे शेंगदाणे करून ठेवायची. मला विचारायची, "ती बरी आहे ना? खाते ना?" मी म्हणायची, "खाते." माझं कुणी विचारत नसे, पण तिथं मी दुपारी झोपायची.

पुढल्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाला, एका सकाळी तिच्या भावाचा फोन आला. तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, बोलता येत नव्हतं. ल्हानीनं फोन ठेवला. ती रडली नाही. कपाटावरची बॅग खाली काढली आणि कपडे भरायला लागली.

भाऊजी खोलीच्या दारात उभे होते. नव्या मागांची जोडणी चालली होती, मालाची मागणी अंगावर होती. त्यांना जा म्हणवत नव्हतं आणि राहा म्हणवत नव्हतं. आत्या मात्र म्हणाल्या. दोन वर्षं तिला जे हवं ते करू देणाऱ्या आत्या उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "म्हातारीला पोरगा हाय, सून हाय. दवाखान्यात हाय. ही जाऊन काय करनार? आन गेली की ही परत येत न्हाय, सांगून ठिवते." ते बोलताना त्यांचा आवाज हलत होता. त्यांना ती हवी होती. मी गेले असते तर त्यांचा आवाज असा हलला असता का, हे तशा वेळीही माझ्या मनात आलं.

ल्हानी बॅग भरत राहिली. आत्या माझ्याकडं वळल्या. "थोरले, तू सांग तिला. तुझं आयकती ती. तू न्हाय का ऱ्हायलीस इतकी वर्सं? तुला काय आई न्हवती?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ल्हानीसुद्धा थांबली. मी राहा म्हणाले असते तर ती राहिली असती की नाही कोण जाणे, पण भाऊजी नक्की तिकडं झुकले असते. ती राहिली असती तर आम्ही दोघी सारख्या झालो असतो. मला ते हवंसं वाटत होतं.

मी म्हणाले, "राहिले आत्या. म्हणून अण्णांचं तोंड मला बघायला मिळालं नाही."

"तुझं वडील? त्याचं काय हितं?"

"वन्संचं लग्न ठरलं, त्या सुपारीच्या दिवशी. सकाळीच निरोप आला होता की अण्णांचं जास्त झालंय. तुम्ही म्हणालात, पाहुणे जेवून जाऊ देत, मग जा. मी पंगती वाढल्या. एसटीनं पोचले तेव्हा माणसं मसणवट्यातून परत आली होती."

"मी म्हनलं असं?"

"हो."

आत्या बराच वेळ आठवत बसल्या. मग म्हणाल्या, "मला न्हाय आठवत ते."

त्या खरं बोलत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. मी इतकी वर्षं जे उराशी धरून होते त्यातलं त्यांच्याकडं काहीच नव्हतं. आमचे हे केव्हातरी माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले होते, ते जमिनीकडं बघत होते. त्या दिवशी पंगतीत तेही वाढत होते.

आत्या भिंतीला धरून उठल्या. कपाट उघडून आमच्या कारखान्याचे नवे कोरे टॉवेल काढले, मऊ बघून निवडले, आणि ल्हानीच्या बॅगेत स्वतःच्या हातानं घातले. "आजारी मानसाला टावेल लई लागत्यात," त्या म्हणाल्या. "तोंड पुसाय येगळा ठेव, आंग पुसाय येगळा. आन पाठ सारकी पालटत जा, न्हायतर जखमा व्हत्यात." ल्हानीनं त्यांना मिठी मारली. भाऊजी तिकीट बघायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. गाडीत खायला दशम्या करायच्या होत्या. मी बोललेलं तिच्या कामी आलं होतं. मला तिच्यासाठी बरं वाटत होतं आणि तरीही मळताना हात रागानं चालत होते, कारण मी तिच्या वयाची असताना या घरात माझ्यासाठी असं बोलायला कोणी थोरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती निघाली. स्टेशनवर तिनं माझे दोन्ही हात धरले. "चीताई, मंद्रूपला जायाचं. सांगायचं आन जायाचं. इचारायचं न्हाय."

"तू परत आलीस की जाऊ दोघी," मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. ती खोटं बोलत नसे.

आत्यांचं खरं झालं. ती परत आली नाही. तिच्या आईला उठवून बसवायला, घास भरवायला, एकेक शब्द पुन्हा शिकवायला माणूस लागत होतं, आणि ते माणूस तिला स्वतःच व्हायचं होतं. चार-पाच महिने वाट बघून भाऊजी तिकडं गेले, पुन्हा जुन्याच कारखान्यात लागले. आता तिची आई काठी धरून दारापर्यंत येते. ल्हानीला मुलगी झाली आहे. आत्या म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यात येतील. दर उन्हाळ्यात म्हणतात.

ती गेल्यावर पहिल्यांदा मी एसटीनं मंद्रूपला गेले. सकाळी आत्यांच्या समोर उभी राहून म्हणाले, "आत्या, मी मंद्रूपला जाऊन येते." पिशवी मी आधीच भरून ठेवली होती. आत्यांनी मान वर केली, काहीतरी म्हणणार होत्या, मग म्हणाल्या, "अव्वाला इचारलं म्हनून सांग." पुढं मी तिचीच स्कूटर शिकले. दोनदा पडले, शेजारच्या काकूंनी गुडघ्याला हळद लावली. आता बाजारचा दिवस मी चुकवत नाही. ह्यांचा डबा त्या दिवशी हेच भरून नेतात.

मागच्या खेपेला मी अव्वापाशी बसले होते तेव्हा ल्हानीचा व्हिडिओ कॉल आला. अव्वाला हल्ली नीट दिसत नाही, म्हणून मी फोन तिच्या डोळ्यांजवळ धरला. ल्हानीनं मुलीला पुढं केलं. अव्वा कानडीत त्या पोरीशी बोलायला लागली, मंद्रूपच्या फेऱ्यांत तेवढं कानडी कळू लागलेली ल्हानी तिच्या त्या 'हाय-न्हाय'च्या मराठीत उत्तरं द्यायला लागली. दात किती आले, केस कुणासारखे, रात्री झोपते का. अव्वा इतकी बोलते हे मी विसरूनच गेले होते. माझ्याशी ती बाजारातल्या भाजीचं बोलते, पाठीच्या दुखण्याचं बोलते, आणि मग आम्ही गप्प बसतो. ल्हानीशी बोलताना मात्र ती गुडघ्यावर हात आपटून हसत होती. दोघींपैकी कुणी मला काही विचारलं नाही. पडद्यावर मी दिसतही नव्हते, नुसता अंगठा दिसत असेल. मला पुन्हा तेच वाटलं, जे इतकी वर्षं वाटत आलं. हाताला कळ लागली. मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तसाच धरून राहिले.